बटण दाबा, चित्राचा विषय मिळवा: फॅन लोकांच्या छोट्या वेबसाइटबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

एलिमेंटरी, इंटरमिजिएट ज्यांनी दिल्यात त्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेलच. विषय दिलेले असायचे, भाजी मार्केट, बसस्टॉप वगैरे, त्यातला एक निवडायचा आणि कामाला लागायचं. विषय हातात असला की पेन्सिल चालते, नसला की कोरा कागद घेऊन माणूस नुसता बसून राहतो. इंक्टोबर एवढं पसरलं त्यामागेही हेच आहे, जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने २००९ मध्ये ते सुरू केलं, आता ऑक्टोबरभर रोज एक शब्द आणि त्यावर शाईने एक चित्र असं जगभर चालतं. आमच्याकडे दादरला वेबसाइट करून घ्यायला येणारे बरेच जण असंच काहीतरी मागतात, पण स्वतःच्या आवडीच्या गेमवर, कार्टूनवर, नाहीतर थेट आपल्या मुंबईवर, म्हणजे बटण दाबलं की एक विषय आला पाहिजे आणि पुन्हा दाबलं की दुसरा.

तर आधी कोडचं सांगतो कारण ते पटकन संपतं. डेटाबेस लागत नाही, लॉगिन लागत नाही, मोठा सर्व्हरही लागत नाही. एक पान, त्यात शब्दांच्या याद्या आणि थोडी जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड. जावास्क्रिप्ट शून्य ते एकच्या मधला एक आकडा काढते, त्याला यादीच्या लांबीने गुणायचं, दशांश टाकून द्यायचा, आणि त्या नंबरचा शब्द दाखवायचा, बस. असं साधं पान गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकट ठेवता येतं, खर्च राहतो तो डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, आणि डोमेन तुमच्याच नावावर घ्या असं आम्ही प्रत्येकाला सांगतो, आमच्या नावावर नको.

खरी साइट म्हणजे तुमची यादी. हे आम्ही अगदी मनापासून सांगतोय, कारण लोकं रंग, लोगो, अ‍ॅनिमेशन यावर चार मीटिंगा करतात आणि यादी शेवटच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.

हिशोब बघा. कोण, कुठे, काय करताना अशा तीन याद्या केल्या, पहिल्या दोनमध्ये ४०-४० आणि तिसरीत ३०, तर टाइप करायचे फक्त ११० तुकडे पण जोड्या होतात ४८,०००. उलट १०० पूर्ण वाक्यं लिहून ठेवली तर १३ वेळा बटण दाबेपर्यंत एखादा विषय पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि मग लोकं म्हणतात साइट बिघडली. ती बिघडलेली नसते, रँडम असंच वागतं. म्हणून यादी छोटी असेल तर आम्ही ती आधी पिसून घेतो आणि मग क्रमाने दाखवतो, हाऊजीत आलेला नंबर परत पिशवीत टाकत नाहीत ना, तसं. कोणते विषय येऊन गेले ते त्या माणसाच्या ब्राउझरमध्येच लक्षात ठेवलं जातं, आमच्याकडे काही येत नाही.

मराठीत एक अडचण आहे जी इंग्लिश साइट कॉपी करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. इंग्लिशमध्ये विशेषण कशालाही चिकटवलं तरी चालतं, आपल्याकडे मशीनने नुसतं जोडलं तर "भिजलेला म्हातारी जिना खाली छत्री दुरुस्त करतोय" असलं काहीतरी समोर येतं आणि वाचणाऱ्याचा मूडच जातो. त्यासाठी प्रत्येक नामापुढे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी ते आम्ही लिहून ठेवतो आणि विशेषणाची तीन रूपं देतो, भिजलेला, भिजलेली, भिजलेलं. लाल, उदास, खूश असली विशेषणं बदलत नाहीत, ती तर सोन्याहून पिवळी. जागा नेहमी पूर्ण लिहायची, जिन्याखाली, पुलावर, मच्छी मार्केटात, कारण पूल आणि वर वेगवेगळे ठेवले तर सामान्यरूप कोण करणार. आणि क्रियापद "करताना" असं ठेवलं की करतोय-करतेय-करतंयची भानगडच उरत नाही. मग येतं "भिजलेली म्हातारी जिन्याखाली छत्री दुरुस्त करताना". हे वाचलं की चित्र दिसायला लागतं, आम्हाला हवं ते हेच.

शब्द निवडताना डोळ्यांना दिसेल असंच घ्या. "स्वातंत्र्य", "एकटेपणा" हे विषय म्हणून मोठे आहेत पण नवशिक्याचा हात तिथेच थांबतो, त्याऐवजी "लोकलच्या रिकाम्या डब्यात खिडकीशी बसलेला डबेवाला" द्या, एकटेपणा तो स्वतः आणेल. मुंबईची यादी असेल तर सगळं गेटवे आणि सी-लिंकवरच नको, चाळीची गॅलरी, कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील, फलाटावरचा बूटपॉलिशवाला हेही येऊ द्या. विजोड जोड्यांना घाबरू नका, अजगर लोकलमध्ये पेपर वाचताना हा उत्तम विषय आहे!

"आजचा विषय" हवा असेल तर आजची तारीखच आकडा म्हणून वापरतो, त्यामुळे डोंबिवलीत उघडा की कुलाब्यात, त्या दिवशी सगळ्यांना एकच विषय दिसतो आणि ग्रुपवर चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघायला मजा येते. पान एकदा उघडलं की फोनमध्ये साठतं, लोकलमध्ये नेट गेलं तरी बटण चालतं. ११० तुकड्यांची यादी साधारण दहा केबीच्या आत बसते त्यामुळे स्लो फोनवरही अडत नाही. फॉन्ट आम्ही मुक्ता किंवा बालू घेतो, दोन्ही मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले आणि मोफत वापरता येणारे आहेत.

आता फॅन या शब्दाबद्दल. आवड कितीही खरी असली तरी पात्रांची चित्रं, लोगो, पोस्टर उचलून साइटवर टाकू नका, आम्हीही टाकणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापर, समीक्षा अशा काही गोष्टींना सूट आहे, पण फॅन आहे म्हणून वेगळी सूट नाही. इंक्टोबर हे नावसुद्धा ट्रेडमार्क आहे, ते साइटच्या नावात घालू नका. साइट अनऑफिशियल आहे हे वरच ठळक लिहायचं, जाहिराती लावायच्या नाहीत, आणि विषय स्वतःच्या शब्दात लिहायचे. हक्कवाल्या कंपनीची फॅन लोकांसाठी नियमावली असली तर ती काम सुरू करण्याआधी आपण एकत्र बसून वाचू.

काम सुरू करायला आम्हाला एक्सेल किंवा गुगल शीट पाठवा, एका रकान्यात एकच यादी, युनिकोडमध्ये टाइप केलेली. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर वेबवर अगम्य अक्षरांसारखा दिसतो, तसा असेल तर आधी सांगा, आम्ही बदलून घेऊ पण त्यानंतर जोडाक्षरं आणि रफार तुम्हाला एकदा नजरेखालून घालावे लागतील.