फोन घरच्या नॅसपर्यंत सुरक्षित कसा पोहोचू लागला

बाहेरगावी असताना घरच्या नॅसवरचे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या यंत्रावरचे, फोटो फोनवर उघडतात, तेव्हा अ‍ॅपने दोन कोडी सोडवलेली असतात. घराच्या नेटवर्कमध्ये शिरायचं कसं, हे पहिलं. समोरून उत्तर देतंय ते आपलंच यंत्र आहे हे ओळखायचं कसं, हे दुसरं. पहिलं लवकर सुटलं, पण घाईत, आणि त्या घाईची किंमत पुढे लोकांच्या फाइलींनी मोजली.

आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये नॅटचा, म्हणजे राउटरने पत्ते बदलून देण्याचा, तोडगा पुढे आला. घरातली सगळी उपकरणं एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर जाऊ लागली. बाहेर जाणं सोपं झालं, पण बाहेरून आलेली विनंती आत कुणाकडे द्यायची हे राउटरला कळेना. त्यावर पोर्ट फॉरवर्डिंग हा उपाय निघाला: अमुक पोर्टवर (पत्त्यावरच्या क्रमांकित दारावर) येईल ते नॅसकडे पाठव, असं राउटरला सांगून ठेवायचं. यूपीएनपी या, राउटरला आपोआप सूचना देण्याच्या सोयीमुळे नॅस हे काम परस्पर करून घेऊ लागला आणि मालकाला त्याची खबरही नसे.

घात तिथेच झाला. उघडी पोर्टं शोधत इंटरनेट सतत चाळलं जातं. ऑगस्ट २०१४ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सिनोलॉकर या प्रोग्रामने सिनॉलॉजी कंपनीचे नॅस गाठले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह बाहेरूनच फॅक्टरी रीसेट झाले आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा साठा पुसला गेला. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या तशाच प्रोग्रामने क्यूनॅप कंपनीच्या उपकरणांवर लॉगिनच्या पानाच्या जागी खंडणीची चिठ्ठी लावली, मागणी ०.०३ बिटकॉइन. कंपनीने ग्राहकांना लगेच सांगितलं ते पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करायला.

दुसरं कोडं सर्टिफिकेटचं, म्हणजे समोरचं यंत्र कुणाचं याच्या डिजिटल दाखल्याचं. १९२.१६८.१.१० हा पत्ता लाखो घरांत असतो, मग तो अमक्याचाच अशी ग्वाही कोण देणार? नोव्हेंबर २०१५ पासून अशा खासगी पत्त्यांना मान्यताप्राप्त संस्थांची सर्टिफिकेटं मिळणंच बंद झालं. नॅस स्वतःच स्वतःचं सर्टिफिकेट बनवायचा, अ‍ॅप इशारा द्यायचं आणि आपण ‘तरीही पुढे जा’ दाबायचो. मला ही सवय फार घातक वाटते. डेटा एन्क्रिप्ट होतो, म्हणजे सांकेतिक रूपात जातो, पण कुणासाठी, हेच तपासलेलं नसतं.

घरचे व्हिडिओ-फोटो फोनवर दाखवणाऱ्या प्लेक्सने २०१५ मध्ये यावर सुरेख वाट काढली. सर्टिफिकेट देणाऱ्या डिजिसर्ट कंपनीच्या मदतीने प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र सर्टिफिकेट दिलं, आणि डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यादीत, असं नाव दिलं की ते थेट घरातल्या खासगी पत्त्याकडे बोट दाखवतं. नाव सार्वजनिक, यंत्र घरातच. त्याच डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची मोफत सर्टिफिकेटं सर्वांसाठी खुली झाली. डीएनएसमधली नोंद दाखवून ती मिळवता येतात, त्यामुळे तेवढ्यासाठी पोर्ट उघडावं लागत नाही.

मग पहिल्या कोड्याचंही उत्तर बदललं. आता नॅस आतूनच बाहेरच्या मध्यस्थ सर्व्हरशी जोडलेला राहतो आणि फोनही तिथेच येतो. मध्यस्थ दोघांना एकमेकांचा पत्ता नि पोर्ट कळवतो. दोघं एकाच वेळी पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) सोडतात आणि दोन्हीकडच्या राउटरना ते आपल्याच विनंतीचं उत्तर वाटतं. याला होल पंचिंग म्हणतात. जमलं नाही तर डेटा मध्यस्थामार्फतच, म्हणजे रिलेने जातो. आपल्याकडे अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. तिथे आयपीव्ही४ वर पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, त्यामुळे बहुतेकांना हीच वाट उरते.

मार्च २०२० मध्ये उपकरणांमध्ये सुरक्षित बोगदा बनवणारं वायरगार्ड लिनक्स ५.६ च्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आलं. त्यात प्रत्येक उपकरणाला सार्वजनिक आणि खासगी अशी डिजिटल किल्ल्यांची जोडी असते, आणि अनोळखी किल्लीने आलेल्या पॅकेटला उत्तरच दिलं जात नाही, त्यामुळे पोर्ट चाळणाऱ्याला तिथे काही असल्याचं दिसतही नाही. आपली उपकरणं एकमेकांशी जोडून देणारं टेलस्केल याच पायावर उभं आहे. त्याचा मध्यस्थ फक्त सार्वजनिक किल्ल्या पोहोचवतो, खासगी किल्ली उपकरणातच राहते. रिले वापरावा लागला तरी त्यातून जाणारी पॅकेटं आधीच एन्क्रिप्ट झालेली असतात आणि रिलेला ती उलगडता येत नाहीत.