सायटोक्रोम ऑक्सिडेज : यीस्टच्या आधारे संरचना-अभ्यास

सायटोक्रोम ऑक्सिडेज हे तंतुकणिकेतील श्वसनसाखळीचे, म्हणजे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या प्रथिन-संकुलांच्या मालिकेचे, शेवटचे विकर. त्यालाच चौथे संकुल म्हणतात. सायटोक्रोम-सी या छोट्या वाहक प्रथिनाकडून आलेले इलेक्ट्रॉन ते ऑक्सिजनला देते व पाणी तयार होते. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन लागतात आणि चार प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात. हे काम दोन हीम गट (लोह धरणारे रंगीत रेणू) आणि तांब्याची केंद्रे यांच्या जोरावर चालते.

पाव फुगवणारे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट या अभ्यासात इतके उपयोगी पडते ते एका गुणामुळे: विकर निकामी केले तरी ते मरत नाही. ग्लुकोज असले की ते किण्वनावर निभावते. फक्त त्याच्या वसाहती लहान राहतात. ग्लिसरॉलवर मात्र अशी पेशी अजिबात वाढत नाही. बोरिस एफ्रुसी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये या खुज्या वसाहतींचा अभ्यास केला. विकरातले एखादे अमिनो आम्ल बदलायचे आणि पेशी ग्लिसरॉलवर तगते का ते बघायचे, ही सोपी कसोटी आजही वापरात आहे. विकराचे गाभ्याचे तीन घटक तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत नोंदलेले असल्याने तिथे हात घालणे अवघड होते. 1988 मध्ये डीएनए चोपडलेले धातूचे कण यीस्टवर झाडून ती अडचण दूर झाली.

इतिहासाचा क्रम मात्र उलटासुलटा आहे. डेव्हिड केलिन यांना 1925 मध्ये प्रकाशाच्या वर्णपटात सायटोक्रोमचे काळे पट्टे कीटकांच्या स्नायूंप्रमाणे यीस्टमध्येही दिसले. ऑटो वारबुर्ग यांनी कार्बन मोनॉक्साइडने गुदमरलेल्या यीस्टवर प्रकाश टाकला, तेव्हा श्वसन पुन्हा सुरू झाले. कोणता रंग किती परिणाम करतो यावरून विकरात हीम असल्याचे त्यांनी ओळखले. त्यांना 1931 चे नोबेल मिळाले. एवढे असूनही विकराची पहिली सविस्तर रचना 1995 च्या सुमारास आली ती बैलाच्या हृदयातून आणि एका जिवाणूतून. यीस्टची रचना 2019 मध्ये, म्हणजे अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन आल्यावर हाती लागली, तीही शेजारच्या तिसऱ्या संकुलाला जोडलेल्या अवस्थेत.

विकर वेगळे करणे हेच खरे कष्टाचे काम. ग्लुकोज भरपूर असेल तर यीस्ट श्वसनाची यंत्रणा दाबून ठेवते, म्हणून ते ग्लिसरॉल किंवा लॅक्टेटवर वाढवतात. जाड पेशीभित्ती काचमण्यांनी किंवा भित्ती विरघळवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या विकराने फोडून तंतुकणिका वेगळ्या काढतात. पटल डिजिटोनिनसारख्या सौम्य अपमार्जकाने विरघळवले तर संकुले एकमेकांना धरून राहतात. तीव्र अपमार्जकाने ती सुटतात. एका घटकाला आधीच हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेली असली की निकेलच्या स्तंभावर विकर अडकते. यीस्ट 30 अंशांना खुशीत वाढते. पेशी फोडल्यानंतरचे काम मात्र 4 अंशांच्या शीतकक्षातच करावे लागते.

यीस्टवरून माणसाबद्दल बोलताना जपून बोलावे. यीस्टला पहिले संकुल नसतेच. तिसरे व चौथे संकुल चिकटण्याची बाजूही सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळी आहे. गाभा मात्र फार सारखा आहे, आणि जोडणीला मदत करणारी प्रथिनेसुद्धा: मुलांमधील ली सिंड्रोम या मेंदूच्या गंभीर आजाराशी निगडित सर्फ-1 या जनुकाचे यीस्टमधले भावंड शाय-1 आहे.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे व त्यात यीस्टचे वाणही जपले जातात. संरचनेच्या कामाला बेकरीतले यीस्ट चालत नाही. त्याच्या गुणसूत्रांचा हिशेब लागत नाही, म्हणून डब्ल्यू-303 सारखे माहितीतले वाण घेतात. केलिन यांचा प्रयोग मात्र कॅम्पातल्या दुकानातून आणलेल्या कोरड्या यीस्टवरही जमतो. दाट द्रावणामागे प्रखर दिवा ठेवून हातातल्या वर्णपटदर्शकातून बघावे: स्थिर द्रावणात पट्टे दिसतात, हवा सोडली की पुसट होतात आणि यीस्टने ऑक्सिजन संपवला की पुन्हा उमटतात.