५११० नंबरचा पाहुणा

घोडी आणि गाढव यांच्या संकरातून खेचर होतं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराच्या वाट्याला येतात ६३. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, बीजपेशी धड तयार होत नाहीत आणि वंश तिथेच खुंटतो. ‘प्रजाती’ समजावताना हमखास हेच उदाहरण देतात, त्यामुळे पुढे वंश चालत नाही म्हणूनच प्रजाती वेगळ्या राहतात, अशी आपली समजूत होऊन बसते. पण निसर्गात पुष्कळदा प्रकरण तिथवर जातच नाही. स्थळ आधीच नापसंत होतं.

प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर हे एक चिमुकलं बेट, जेमतेम ३४ हेक्टरांचं. माणसांची वस्ती नाही. होडीतून उतरायला धड किनाराही नाही. लाटेचा अंदाज घेऊन खडकावर उडी मारायची. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून वर्षानुवर्षं इथे तंबू ठोकून राहिलं. फिंच पक्षी जाळ्यात पकडायचे, चोच मोजायची, पायात नंबराचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. पुढे रक्ताचा थेंबही घेऊ लागले. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात ना, तशी या बेटावरच्या फिंचांची नामावळ तयार होत गेली.

१९८१ मध्ये जाळ्यात एक अनोळखी नर सापडला. अंगाने थोराड, डोकं मोठं, गाणं बेटावरच्या कुणाशीच न जुळणारं. कड्याचा नंबर ५११०. हा आला कुठून, हे नक्की कळायला बरीच वर्षं गेली. जनुकांच्या तपासणीत पत्ता लागला तो शंभराहून अधिक किलोमीटर लांबच्या एस्पान्योला बेटाचा. एवढ्या लांबून आलेला गडी परत काही गेला नाही. त्याने इथल्याच मध्यम फिंच जातीच्या मादीशी जोडी जमवली. पिल्लं झाली, ती जगलीही.

खरी गंमत पुढच्या पिढ्यांत आहे. फिंचचा नर लहानपणी बापाचं गाणं ऐकून शिकतो आणि जन्मभर तेच आळवतो. मादी गात नाही, पण बापाचे सूर तिच्या कानात बसलेले असतात आणि जोडीदार निवडताना ती तसलंच गाणं, तसलीच चोच शोधते. एखादं पिल्लू चुकून शेजारच्या जातीचं गाणं उचलतं. मग मोठेपणी त्याची जोडीही त्याच जातीत जमते आणि संततीत काही खोट नसते. मग ५११० च्या वंशजांचं काय झालं? थोराड बांधा, वेगळी चोच आणि आजोबांचं ते विचित्र गाणं. बेटावरच्या माद्यांना ते रुचेना. एकाच रानात चरायचं, पण सोयरिक आपापसातच. रोटीव्यवहार चालू, बेटीव्यवहार बंद. (शब्द जातिव्यवस्थेतला आहे, पण उपमा इथेच संपते. सगळी माणसं एकाच प्रजातीची आहेत.)

२००३ ते २००५ च्या दुष्काळात हे घराणं जवळपास बुडालंच होतं. उरले एक भाऊ आणि एक बहीण. त्यांचीच जोडी जमली आणि त्यांना २६ पिल्लं झाली. इतक्या जवळच्या रक्तातून वंश दुबळा पडावा अशी अपेक्षा. पण संख्या वाढत तिसाच्या आसपास गेली. चोचीचा आकार कामी आला असणार. या बेटावर आपल्या सराट्याचाच एक भाऊबंद उगवतो. अनवाणी पायात सराटा रुतलेल्याला त्याचं कवच किती टणक असतं हे सांगायला नको. दुष्काळात मऊ बिया संपतात तेव्हा ते कवच फोडता येणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न होतो.

नवी प्रजाती म्हणजे मध्ये डोंगर किंवा समुद्र येणार आणि हजारो वर्षं जाणार, हे चित्र बहुतेक वेळा खरंच असतं. इथे मात्र तीनेक पिढ्यांत, एकाच बेटावर, शेजाऱ्यांच्या देखत कुंपण उभं राहिलं. ग्रँट यांनी या घराण्याला ‘बिग बर्ड’ हे टोपणनाव दिलं. याला प्रजाती म्हणावं का, यावर मी घाई करणार नाही. तीसेक पक्ष्यांचा पसारा एका वाईट वर्षात पुसला जाऊ शकतो. शिवाय हे कुंपण मुख्यतः गाण्याचं आणि चोचीचं. एखाद्या पिल्लाने शेजाऱ्याचं गाणं उचललं, तर त्याला भोक पडायला तेवढं पुरे आहे.