धातूंचे सेलेनाइड : बंद नळीपासून केमिकल बाथपर्यंत

नाशिककरांना स्फटिक नवे नाहीत. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींत काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांमधून ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट निघाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक निवांत पाहता येतात. लोह, निकेल, मॉलिब्डेनम अशा संक्रमण धातूंचे सेलेनाइड, म्हणजे त्यांची सेलेनियमशी झालेली संयुगे, मात्र निसर्गात क्वचितच भेटतात. त्यांचे चांगले स्फटिक प्रयोगशाळेतच वाढवावे लागतात, म्हणून त्यांचा इतिहास हा मुख्यतः ते बनवण्याच्या पद्धतींचा इतिहास आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय घेतला की एक्सआरडीचा, म्हणजे स्फटिकाची रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण विवर्तनाचा, आलेख लगेच हाती येतो, मागची गोष्ट राहून जाते.

सेलेनियम सापडले १८१७ मध्ये, स्वीडनमध्ये. फालूनच्या खाणीतल्या पायराइटपासून (लोह आणि गंधकाच्या खनिजापासून) सल्फ्युरिक ॲसिड बनवताना तांबूस गाळ साचे. बर्झेलियस आणि गान या रसायनज्ञांनी तो तापवला तेव्हा मुळ्यासारखा उग्र वास आला आणि हे टेल्युरियमच असावे, असे आधी त्यांना वाटले. पुढे बर्झेलियसने ते नवे मूलद्रव्य असल्याचे दाखवले. पण सेलेनाइडांमध्ये अणू कसे बसले आहेत, हे कळायला लाउए आणि ब्रॅग पितापुत्रांची क्ष-किरणांनी रचना शोधण्याची पद्धत यावी लागली, म्हणजे १९१२-१३ साल उजाडावे लागले. १९२३ मध्ये डिकिन्सन आणि पाउलिंग यांनी मॉलिब्डेनम सल्फाइडची रचना उलगडली. मॉलिब्डेनम आणि टंगस्टनचे डायसेलेनाइड त्याच घडणीचे निघाले: सेलेनियमच्या दोन थरांमध्ये धातूचा एक थर, आणि अशा तिहेरी पापुद्र्यांमधली ओढ अगदी क्षीण. निकेल आणि कोबाल्टचे डायसेलेनाइड मात्र पायराइटच्या वळणाचे. त्यांत सेलेनियमचे अणू जोडीजोडीने असतात.

बनवताना खरी अडचण तापमानाची. सेलेनियम २२१ अंश सेल्सियसला वितळते, ६८५ अंशांना उकळते. मॉलिब्डेनम २६०० अंशांच्याही पुढे वितळतो. म्हणून दोन्हींची पूड क्वार्ट्झच्या नळीत घालून, हवा काढून, नळी वितळवून बंद करतात आणि भट्टी सावकाश चढवतात. घाई केली तर बाष्पाच्या दाबाने नळी फुटते. हाराल्ड शेफर यांनी पद्धतशीर मांडलेल्या वाहतूक पद्धतीत नळीत थोडे आयोडीन घालतात. ते धातूला वायुरूप संयुगात उचलून नळीच्या दुसऱ्या टोकाला नेते आणि तिथे चकचकीत पातळ पत्रे वाढतात.

कृतीतला बारीक फरक किती महाग पडतो, ते लोह सेलेनाइडने दाखवले. २००८ मध्ये तैवानच्या गटाला त्यात सुमारे ८ केल्विनला अतिवाहकता (विजेला शून्य रोध) सापडली. पुढच्याच वर्षी दिसले, की सेलेनियमच्या दर शंभर अणूंमागे लोहाचे १०१ अणू असले तर अतिवाहकता येते, १०३ झाले तर नाहीशी होते. नमुना जास्त तापवला की त्याची चौकोनी रचना बदलून षट्कोनी होते, ते वेगळेच.

महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत रुळली ती केमिकल बाथ पद्धत, म्हणजे द्रावणातूनच काचेवर पातळ थर (फिल्म) चढवण्याची. तिला ना निर्वात लागतो, ना भट्टी. सेलेनियमची पूड सोडियम सल्फाइटच्या द्रावणात तासन्‌तास गरम करून सेलेनोसल्फेट करायचे, धातूच्या क्षारात अमोनिया घालायचा, आणि बीकरमध्ये काचपट्ट्या उभ्या सोडायच्या. हळूहळू पट्टीवर थर चढतो. हे सगळे फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) करावे, कारण आम्ल पडले तर विषारी हायड्रोजन सेलेनाइड सुटू शकतो. या फिल्ममधले कण बारीक असतात, त्यामुळे एक्सआरडीची शिखरे पसरट येतात. मोकळे सेलेनियम किंवा ऑक्साइड त्यांत सहज लपते. म्हणून धातू-सेलेनियमचे प्रमाण वेगळे मोजल्याशिवाय रचनेचे नाव लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.