लिंक रिकामी आहे, म्हणून काय झालं?

पुण्यात गणेशखिंडीपासून पाषाणपर्यंत संशोधन संस्थांची रांग लागलेली आहे आणि तिथे एक संवाद ठरलेला असतो. "सर, युरोपातला डेटा उतरवतेय, रात्रभरात निम्मासुद्धा आला नाही." त्यावर नेटवर्कवाले स्क्रीनकडे बोट दाखवतात, "हा ग्राफ बघ. लिंक वीस टक्केही भरत नाहीये. तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी असणार." विषय संपला. हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हा प्रपंच.

लिंकवरून, म्हणजे दोन नेटवर्कांना जोडणाऱ्या वाहिनीवरून, किती डेटा जातोय हा एक प्रश्न आणि लिंक धड काम करतेय का हा दुसरा. जगभरच्या संशोधन नेटवर्कांनी या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळ्या यंत्रणा उभ्या केल्या, नेटसेज आणि पर्फसोनार. दोन्हींचे डॅशबोर्ड रंगीबेरंगी असतात, म्हणून आपल्याकडे दोन्ही 'मॉनिटरिंग' नावाच्या एकाच खुंटीला टांगली जातात.

पहिला प्रकार तुम्हाला पाठ आहे. पोर्टमधून किती बाइट गेले ते राउटर मोजतो, आपण एसएनएमपीने (राउटरकडून आकडे मागवायची पद्धत) दर पाच मिनिटांनी तो आकडा उचलतो आणि ग्राफ काढतो. १९९५च्या एमआरटीजी या ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरपासून हेच चाललंय. अमेरिकेच्या एनएसएफच्या (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या) निधीतून सुरू झालेलं नेटसेज हेच काम खंडाखंडांमधल्या लिंकवर करतं. त्यात फ्लोच्या, म्हणजे कुठल्या पत्त्यावरून कुठे किती डेटा गेला याच्या, नोंदीही असतात, मात्र त्यातल्या आयपी पत्त्यांवरून माणूस ओळखू येऊ नये याची काळजी घेतलेली असते. कुठल्या विज्ञानशाखेचा डेटा कुठून कुठे जातो, लिंक कधी वाढवावी लागेल, याला हे उत्तम. पाच मिनिटांची सरासरी दहा टक्के आली म्हणजे प्रत्यक्षात तीस सेकंद लिंक तुडुंब आणि बाकी वेळ शुकशुकाट, असंही असू शकतं, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

पर्फसोनार ही ईएसनेट (अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं संशोधन नेटवर्क), जिएंट (युरोपचं), इंटरनेट२ (अमेरिकी विद्यापीठांचं) आणि अमेरिकेतली काही विद्यापीठं अशांची मिळून चाललेली यंत्रणा. ती दुसऱ्यांच्या डेटाकडे बघतच नाही. स्वतःची चाचणीची पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, सोडते आणि पलीकडच्या टोकाला त्यातली किती पोचली, किती वेळात पोचली, हे मोजते.

आता खरी गोम. ईएसनेटच्या एका राउटरमधलं १० गिगाबिटचं कार्ड बिघडलं होतं आणि २२,००० पॅकेटांमागे एक पॅकेट गाळत होतं. म्हणजे ०.००४५ टक्के. राउटरच्या स्वतःच्या त्रुटी-नोंदीत काहीही दिसत नव्हतं. वाहतुकीच्या ग्राफवर तर दिसणं शक्यच नव्हतं, कारण पूर्ण भरलेल्या १० गिगाबिटच्या लिंकवर ही गळती जेमतेम ४५० किलोबिटची. ती सापडली पर्फसोनारमधल्या ओवॅम्प या एकेका दिशेची गळती मोजणाऱ्या चाचणीमुळे.

एवढ्याशा गळतीने काय बिघडतं? इथेच सगळे फसतात, आणि त्याला 'लिंक म्हणजे एक्सप्रेसवे, रस्ता रिकामा तर गाड्या सुसाट' ही लाडकी उपमा कारणीभूत आहे. लोणावळ्याला एक गाडी बंद पडली म्हणून मुंबईहून निघालेली प्रत्येक गाडी आपणहून वेग अर्धा करत नाही. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवण्याचा नेहमीचा नियमसंच, नेमकं तेच करतो. एक पॅकेट हरवलं की पाठवणारा वेग निम्म्यावर आणतो आणि मग प्रत्येक फेरीला, म्हणजे पॅकेट जाऊन पोच परत येईपर्यंतच्या वेळात, एकेका पॅकेटने वाढवत नेतो.

हिशेब करून बघा. १ गिगाबिटचा वेग आणि युरोपची फेरी १५० मिलिसेकंदांची धरली, तर १,४६० बाइटांची जवळजवळ १२,८०० पॅकेटं कायम वाटेत असावी लागतात. एक हरवलं की ६,४०० वर घसरण. परत वर यायला ६,४०० फेऱ्या, म्हणजे सोळा मिनिटं. तेवढ्यात दुसरं हरवलं की पुन्हा खाली. तेच ४ मिलिसेकंदांवरच्या शेजारच्या शहराशी केलं तर वाटेत ३४० पॅकेटं आणि सावरायला पाऊण सेकंदही लागत नाही. टीसीपीचा आजचा क्युबिक हा प्रकार जुन्यापेक्षा बरंच लवकर सावरतो, बीबीआर या प्रकाराची रीतच निराळी. पण अंतराचा जाच सुटत नाही.

म्हणूनच तो स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट मला पाठवत जाऊ नका. तो जवळचा सर्व्हर शोधतो आणि जवळ सगळं छानच दिसतं. लिंक रिकामी दिसते तीही याच कारणाने. टीसीपीने भिऊन हात आखडता घेतलाय, त्यामुळे ग्राफ खाली आहे. आपण तो रोगाचा पुरावा निरोगीपणाचा दाखला म्हणून दाखवतो!

"पण पिंग तर जातोय" हे दुसरं पालुपद. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का हे बघायला सोडलेलं छोटं पॅकेट. सेकंदाला एक पिंग सोडलात तर २२,००० व्हायला सहा तास लागतात. चार पिंग मारून 'लॉस शून्य' लिहिणाऱ्याला काय म्हणावं? ओवॅम्प सेकंदाला दहा पॅकेटं सोडत राहतं, दिवसाला ८,६४,०००, आणि जाण्याची नि येण्याची दिशा वेगवेगळी मोजतं.

वाहतूक मोजायला स्वतःचा राउटर पुरतो. कामगिरी मोजायला मात्र दुसऱ्या टोकाला कुणीतरी राजी असावं लागतं, आणि देशोदेशींनी एकत्र येण्याचं खरं कारण हेच. पुण्यातून निघालेला डेटा कॅम्पस, एनकेएन (भारताचं राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क), समुद्राखालचा जोड, जिएंट आणि तिथलं राष्ट्रीय नेटवर्क ओलांडून जातो. प्रत्येकाच्या एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, सगळं हिरवंगार. वाटेत जागोजागी चाचणीची यंत्रं असली तरच कुठल्या तुकड्यात पाणी मुरतंय ते कळतं. जगभर अशी दोन हजारांहून अधिक यंत्रं आहेत आणि सॉफ्टवेअर फुकट आहे.

एकच यंत्र परवडत असेल तर ते कॅम्पसच्या वेशीवर, फायरवॉलच्या बाहेर ठेवा. दोन परवडली तर दुसरं आत, स्टोरेजच्या स्विचवर. वेशीपासून जिनिव्हापर्यंत स्वच्छ आणि स्टोरेजपासून वेशीपर्यंत गळती, असं निघालं तर एनकेएनकडे तक्रार नोंदवण्याआधी आपली फायरवॉल उघडून बघा. आणि कृपा करून पर्फसोनार व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेल्या आभासी संगणकावर) चढवू नका. एका दिशेचा वेळ दोन्हीकडच्या घड्याळांवरून काढतात. व्हीएमचं घड्याळ हललं की पॅकेट निघण्याआधीच पोचलेलं दिसतं आणि त्याचाही कुणीतरी ग्राफ काढतो.