फुलपाखरू व पतंग अभ्यासक (मराठवाडा)

फुलपाखरे आणि पतंग या खवलेपंखी कीटकांची ओळख, खाद्यवनस्पती व जीवनक्रम यांच्या नियमित नोंदी ठेवणारी व्यक्ती. मराठवाड्यात हे काम पावसावर अवलंबून असते. जूनच्या सरींनंतर अळ्यांना कोवळा पाला मिळतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा खरा हंगाम. गौताळा औट्रमघाट आणि येडशी रामलिंगघाट ही अभयारण्ये महत्त्वाची आहेतच, पण बांधावरची रुई, बोर, टाकळा आणि घोळ ज्याला ओळखू येत नाही त्याचे काम अडते. प्लेन टायगर या फुलपाखराची मादी रुईच्या पानावर एकेकटे अंडे घालते. डॅनेड एगफ्लायची मादी तिच्यासारखीच दिसते, मात्र तिची अळी घोळीवर वाढते. मागचा पंख पाहावा: प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच.

दिवसाची मोजणी ठरलेल्या वाटेवर संथ चालत होते. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्याच टप्प्यातली फुलपाखरे मोजणीत धरतात. जोराचा वारा किंवा दाट ढग असतील तर मोजणी टाळावी, आकडा फसवा येतो.

पतंगांसाठी अमावस्येच्या आसपासच्या रात्री पांढरी सुती चादर दोन बांबूंना ताणून बांधतात आणि पुढे 160 वॅटचा मर्क्युरी दिवा लावतात. जवळ हायमास्ट (उंच खांबावरचा प्रखर दिवा) असेल तर पतंग विखुरतात. तापलेल्या दिव्यावर पावसाचा थेंब पडला की काच तडकते, म्हणून वर पत्र्याचा आडोसा हवा. वीज गेली तर हा दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. त्याच्याकडे थेट पाहू नये, डोळ्यांना इजा होते. उजाडण्यापूर्वी दिवा बंद करून चादरीवरचे पतंग झुडपांत सोडणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच आहे. नाहीतर कोतवाल पक्षी सकाळी सगळे टिपतात.

शेतीशी या अभ्यासाचा थेट संबंध आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. तिच्या पतंगांसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात दर रात्री आठ पतंग सापडले, तर उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, जुनी झाली की सापळा रिकामा राहतो आणि कीड नाही असा गैरसमज होतो.

लहान तपकिरी पतंगांच्या कित्येक जाती फोटोवरून ठरत नाहीत. जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. तोवर नोंदीत फक्त कुळाचे नाव लिहावे.