वकिलाला आरोपीच्या रांगेत उभं करण्याची जुनी रीत : खान्देशातून दिसणारी पार्श्वभूमी

पक्षकाराचं गुपित काढून घेण्यासाठी तपास यंत्रणेला त्याच्या वकिलाला समन्स काढता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी बजावलं. वकील-पक्षकारातली गुप्तता राखणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये दिलेले अपवाद लागू होत असतील तरच समन्स निघेल, आणि त्यालाही पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी, सकारण मंजुरी लागेल. ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना काढलेली समन्स त्याआधी जून महिन्यात गाजली होती. देशभरातल्या वकील संघटना उठल्यावर ती मागे घेण्यात आली.

या निकालाचं खरं मोल शिरपूर, चोपडा, तळोदा अशा तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला कळेल. दिल्लीतल्या नामवंत वकिलाला समन्स आलं की त्याची बातमी होते. तळोद्याच्या वकिलाला पोलीस ठाण्यातून नुसता फोन येतो, ‘वकीलसाहेब, जरा येऊन जा.’ त्याची नोंद कुठेच राहत नाही. तालुक्याला फौजदारी काम करणारे वकील मोजकेच असतात. त्यातल्या एकाने अंग काढून घेतलं, तर सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला दुसरा दरवाजा सापडत नाही. म्हणून वकिलावरचा दबाव हा फक्त वकिलांच्या धंद्याचा प्रश्न नाही, असं मी मानतो. तो आधी पक्षकारावर पडतो.

या दबावाची मुळं सनदेत आहेत. इंग्रजी अमलात वकिलीची सनद हायकोर्ट देई आणि काढूनही घेई. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टने देशाच्या बऱ्याच भागांत ही व्यवस्था पक्की केली. शिवाय तालुक्याला मामलेदारच वसूल गोळा करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायालाही बसे. ज्याच्या वसुलीविरुद्ध तक्रार, त्याच्याच पुढे उभं राहून बोलायचं, ही तालुक्याच्या वकिलाची रोजची अडचण. मुंबई राज्यात कार्यकारी आणि न्यायिक अधिकार वेगळे करणारा कायदा थेट १९५१ साली झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी.

सनदेचा हा लगाम राजकारणासाठी कसा ओढला जातो, ते १९१९ मध्ये दिसलं. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ असं लोक ज्याला म्हणत, त्या रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा काढली. अहमदाबादच्या काही वकील-बॅरिस्टरांनी तिच्यावर सह्या केल्या. तिथले जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबई हायकोर्टाला पत्र पाठवून विचारलं, की कायदा मोडण्याची शपथ घेणाऱ्यांची सनद राहू द्यावी का? हायकोर्टाने नोटिसा काढल्या आणि अखेर समज देऊन प्रकरण मिटवलं. पण केनेडींचं पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल गांधीजी आणि महादेवभाई देसाई यांच्यावर बेअदबीचा खटला चालला. मार्च १९२० मध्ये दोघांना कोर्टाने कडक शब्दांत फटकारलं. धुळे आणि जळगावच्या वकिलांच्या सनदाही याच मुंबई हायकोर्टाच्या हातात होत्या. अहमदाबादची समज त्यांच्यापर्यंत पोचायला वेगळी नोटीस लागत नव्हती. दोन वर्षांनी लंडनच्या इनर टेंपलने गांधीजींचं नाव बॅरिस्टरांच्या पटावरून काढलं. ते परत घालायला १९८८ साल उजाडलं.

बाहेरून आलेल्या वकिलाचं वजन किती असतं, हे धुळेकरांना सांगावं लागत नाही. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आजही दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. वकिलाच्या एका मुक्कामाची आठवण लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपावी, असं फार थोड्या ठिकाणी घडतं. मला त्यामागे एक साधं कारण दिसतं. गावातल्या कुठल्याच घराण्याचा ज्याच्यावर उपकार नाही, असा वकील आपल्या बाजूने उभा राहिल्याचा अनुभव लोकांना दुर्मीळ होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क दिला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने सनद आणि शिस्तीचा अधिकार वकिलांनीच निवडलेल्या बार कौन्सिलकडे गेला. ब्रिटिश काळातला लगाम सुटला, असं तेव्हा वाटलं असेल.

मग आणीबाणी आली. मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली विनाचौकशी स्थानबद्धतेच्या आदेशावर जिल्हा दंडाधिकाऱ्याची, म्हणजे कलेक्टरची सही पुरत होती. दाद मागायची तर धुळे-जळगावच्या माणसाला मुंबई गाठावी लागे, कारण औरंगाबादचं खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं. मुंबईतही वकिलांच्या तोंडावर हात ठेवण्याचे प्रयत्न चालू होते. नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर वकिलांनी ठरवलेल्या सभेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. नरेंद्र नथवाणी हायकोर्टात गेले. मुख्य न्यायमूर्ती कांटावाला आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी ती बंदी मोडीत काढली. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष राम जेठमलानी यांच्यावर केरळमधून अटक वॉरंट निघालं, तेव्हा त्यांच्या बाजूने मुंबई हायकोर्टात तीनशेहून जास्त वकील हजर राहिले. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टाचं दार बंद असल्याचं मान्य केलं. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. हायकोर्टांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्याही याच काळातल्या. न्यायाधीशच बदलीच्या भीतीत असेल, तर वकिलाने युक्तिवाद करायचा कोणापुढे?

खान्देशाच्या इतिहासात याच्या जोडीला एक गुंतागुंतीचा धागा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. १९७२ च्या सुमारास शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला. राज्याने १९७४ साली अशा जमिनी परत देण्याचा कायदा केला. त्याच्या कलम ९-अ ने या कामांत वकिलांना उभं राहायलाच बंदी घातली. पैसेवाला पक्ष नामवंत वकील लावून वर्षानुवर्षं तारखा घेईल आणि आदिवासी थकून जाईल, हा त्यामागचा विचार. १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी योग्य ठरवली. हेतू मला पटतो. तरी महसूल अधिकाऱ्यापुढे कागद न वाचता येणारा माणूस एकटा उभा राहतो, तेव्हा त्याचं म्हणणं मांडणार कोण, याचं उत्तर त्या कलमात नाही. वकील दूर ठेवल्याने बलवान पक्षाचा प्रभाव दूर होतोच असं नाही.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात अक्कलकुवा-धडगावची गावं बुडाली आणि तंटा दिल्लीपर्यंत गेला. धरणाचं काम पुढे चालू द्यायच्या ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालयाबाहेर झालेल्या निदर्शनांवरून मेधा पाटकर, अरुंधती रॉय यांच्याबरोबर वकील प्रशांत भूषण यांनाही बेअदबीची नोटीस निघाली होती. पक्षकार आणि वकील एकाच नोटिशीत. हवाना इथे १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने स्वीकारलेल्या तत्त्वांत नेमकं हेच नको म्हटलं आहे : वकिलाला त्याच्या पक्षकाराशी किंवा पक्षकाराच्या भूमिकेशी एकरूप धरू नये. मालेगाव स्फोटांतल्या आरोपींची वकीलपत्रं घेणारे शाहिद आझमी ११ फेब्रुवारी २०१० रोजी मुंबईत कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून मारले गेले. नागपूरचे सुरेंद्र गडलिंग आणि छत्तीसगडमध्ये काम केलेल्या सुधा भारद्वाज या वकिलांना २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली.

इथे आपल्या वकील मंडळींनाही एक प्रश्न विचारावा लागतो. एखाद्या गुन्ह्याने जनमत पेटलं, की वकील संघ ठराव करतो, ‘या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही.’ असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये तमिळनाडूतल्या ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात स्पष्ट केलं. सरकारने वकिलाला आरोपीशी जोडू नये, असं म्हणणाऱ्यांनी ते स्वतः करणं मला असह्य वाटतं.

सरकारी वकिलाचं स्वातंत्र्य हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. जळगावातून वकिली सुरू केलेले उज्ज्वल निकम यांना गंभीर खटले चालवताना वर्षानुवर्षं सुरक्षाकडं घेऊन फिरावं लागलं. खटला चालवणाऱ्या वकिलाला अशी किंमत मोजावी लागते. त्यांनीच २०२४ ची लोकसभा निवडणूक लढवली आणि पराभवानंतर त्यांची पुन्हा विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली, तेव्हा विरोधकांनी हरकत घेतली. व्यक्ती कोणीही असो, पक्षाचा उमेदवार आणि राज्याचा वकील या दोन भूमिकांत काही वर्षांचं अंतर असावं, अशी माझी ठाम भूमिका आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने ॲडव्होकेट्स ॲक्ट बदलणारा मसुदा काढला. बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारनियुक्त सदस्य, कौन्सिलला निर्देश देण्याचा केंद्राला अधिकार आणि कामबंदवर बंदी, असं त्यात होतं. विरोध झाल्यावर तो फेरविचारासाठी मागे घेतला गेला. १९६१ मध्ये सनद ज्यांच्या हाती दिली, त्यांच्यावर पुन्हा सरकारचा हात ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये राहुरीच्या कोर्टात काम करणाऱ्या वकील दांपत्याचा खून झाला आणि महाराष्ट्रात वकील संरक्षण कायद्याच्या मागणीने जोर धरला. राजस्थानने असा कायदा २०२३ मध्ये केला, मागोमाग कर्नाटकनेही. मारहाण आणि धमकी यांना शिक्षा दोन्हीकडे आहे. कर्नाटकच्या कायद्यात एक आणखी तरतूद आहे : वकिलाला अटक केली तर पोलिसांनी २४ तासांत त्याच्या वकील संघाला कळवलं पाहिजे. महाराष्ट्राच्या मसुद्यात हे कलम यायला हवं आणि ते अटकेपुरतं न ठेवता चौकशीसाठी ठाण्यावर बोलावण्यालाही लावायला हवं.